आईच्या उधारीच्या वहीचं काय करू?

कृष्णाकाठची

नमस्कार. सांगलीत गावभागात आमचं चटणी-मसाल्याचं दुकान आहे. पुढं कांडप मशीन, मागं घर. आई मे महिन्यात गेली, 72 वर्षांची होती. वडील 1994 मध्ये गेले तेव्हा दादा दहावीत होता, मी सातवीत. तेव्हापासून दुकान आईनंच ओढलं. आता दादा पुण्याला, मी मिरजेत.

होळी झाली की दारात बायकांची रांग लागायची. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, कुणाच्या घरात काय प्रमाण लागतं हे आईला तोंडपाठ. हळकुंड घेताना ती दोन बोटांत धरून मोडायची आणि कानाशी न्यायची. चांगलं वाळलेलं असेल तर टणकन आवाज येतो. आवाज बसका आला तर पोतं परत, व्यापारी कितीही ओळखीचा असो.

आता मूळ प्रश्न. तिची उधारीची वही माझ्याकडं आली आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट. त्यात नावं कमी आणि खुणाच जास्त: 'खणभाग, शिलाई मशीनवाली', 'लेकीचं बाळंतपण, श्रावणात देणार', 'दवाखान्यातल्या मावशी'. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आमच्या माळ्यावरची पोतीसुद्धा भिजली. बोटीत बसताना आईनं ही वही आणि बचत गटाचं दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून छातीशी धरलं होतं. पाणी उतरल्यावर आठ दिवसांनी तिनं वही उघडली आणि सखल भागातल्या सगळ्या घरांच्या नोंदींवर लाल रेघ मारली. शेजारी एकच शब्द, 'पूर'. आमचं स्वतःचं दुकान तेव्हा चिखलात होतं. कांडप मशीनच्या मोटारीसाठी काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही.

पुरानंतरची उधारी 61,340 रुपये आहे. दादा म्हणतो वसूल करू, कर्ज भागेल. त्याचंही चूक नाही, हप्ते तोच भरतोय. पण आईनं आयुष्यात कुणाच्या दारात जाऊन पैसे मागितले नाहीत. शिवाय ती 14 बायकांच्या गटाची अध्यक्ष होती, त्या आता मला विचारतात की पुढं काय. कुणी अशातून गेलंय का?

हरिपूरचा

ताई, दुकान कुठलं ते लगेच कळलं. नाव लिहीत नाही. माझी आई एप्रिलमध्ये हरिपूरहून डोक्यावर मिरचीचं गाठोडं घेऊन चालत यायची. तुमच्या आई रांगेतल्या बायकांना सांगायच्या, 'ही लांबनं आलीय, हिचं आधी होऊ दे.' आमची पेवं होती, जमिनीखाली हळद साठवायची. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि सगळी हळद गेली. त्या वर्षी आम्हाला चटणी तुमच्याकडूनच मिळाली, उधारीवर. पैसे दिले होते एवढं नक्की, पण कधी दिले ते आता आईलाही सांगता येत नाही. जुन्या वहीत बाकी दिसली तर मला कळवा. मनापासून सांगतोय.

कागदपत्रवाली

वाचताना गळा दाटला. तरी कागदाचं बोलते, कारण त्याला मुदत असते.

उधारीवर दिलेल्या मालाच्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत साधारण 3 वर्षं. मधे देणेकऱ्यानं लेखी कबुली दिली असेल तर मुदत नव्यानं सुरू होते. म्हणजे तुमच्या वहीतली बरीचशी रक्कम आता फक्त माणसाच्या शब्दावर येणार आहे. दादांना हे आधी सांगा, म्हणजे त्या रकमेच्या भरवशावर ते हप्ते मांडणार नाहीत.

कर्ज एकट्या आईंच्या नावावर असेल तर वारसांची जबाबदारी त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. दादा जामीनदार असतील तर गोष्ट वेगळी. कर्जाला विमा जोडलेला होता का, हे बँकेत जाऊन विचाराच. पुष्कळ घरांत हे कुणी बघतच नाही.

दुकान चालू ठेवणार असाल तर फूड लायसन्सचं आज बघा. धारक गेल्यावर वारसांसाठी 90 दिवसांची सवलत असते, त्यात अर्ज करायचा.

म्हसवडची लेक

मी सातारा जिल्ह्यातली, माणची. मला फक्त गटाबद्दल बोलायचंय.

गटाचं दप्तर तुम्ही मिरजेला नेऊ नका, ताई. आमच्याकडं माणदेशी महिला बँक 1997 मध्ये सुरू झाली. त्याआधी रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला होता, कारण अर्जदार बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. माझी चुलती त्या बँकेची खातेदार आहे, ती हे आजही मान ताठ करून सांगते.

तुमच्या आईंनी त्या 14 जणींना इतकी वर्षं बरोबर घेऊन काहीतरी शिकवलंच असणार. त्यांनी बैठक घ्यावी, नवीन अध्यक्ष निवडावी, ठराव लिहून त्याची प्रत बँकेत द्यावी, सह्या बदलून घ्याव्यात. तुम्ही त्या दिवशी चहाला जा. तुमच्या जिवावर गट चालला तर तुम्हाला एक दिवस उसंत मिळायची नाही, आणि त्याही तुमच्या तोंडाकडंच बघत राहतील.

वसुलीचं मात्र मला दादांचं पटतं. ज्यांची ऐपत आहे त्यांना एक फोन करायला काय हरकत आहे? मागणं म्हणजे अपमान नव्हे.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. लायसन्सचा अर्ज केला. कर्जाला विमा नव्हता.

गटाची बैठक रविवारी झाली. आईच्या जागी शिलाई मशीनवाल्या मावशींना निवडलं. ठराव त्यांनीच लिहिला. अक्षर वाकडं आहे, पण एकही खाडाखोड नाही.

दादाशी बोलले. पुरानंतरच्या नोंदींतल्या नऊ घरांना तो स्वतः फोन करणार आहे, बाकीच्यांना नाही. ती नऊ नावं आम्ही दोघांनी मिळून काढली. त्यावर बराच वेळ वाद झाला आणि दोघंही रडलो.

हरिपूरच्या दादा, 2005 च्या वहीत तुमची बाकी नाही. 'हरिपूर, मिरचीवाली' पुढं 'पोचले' लिहिलंय.

आणि एक. बैठक झाल्यावर मावशी मागं थांबल्या. 2019 च्या त्यांच्या नोंदीवर आईची लाल रेघ होती, 850 रुपये. त्यांनी रुमालात बांधलेले पैसे पुढं केले. मी म्हटलं, आईनं सोडलेत. त्या म्हणाल्या, 'तिनं सोडले, मी धरून ठेवलेत.' मी घेतले. त्यांनी वही मागितली, लाल रेघेखाली स्वतःच्या हातानं तारीख घातली आणि 'फिटले' लिहिलं. जाताना पाव किलो चटणी घेतली, रोखीनं.