फ्लाइंग बोटीच्या बुडाला पायरी कशासाठी?

लाकूडकाम_छंद: पहिल्या महायुद्धातील फेलिक्स्टो एफ.२ए या ब्रिटिश टेहळणी फ्लाइंग बोटीचे (पाण्यावरून उडणाऱ्या व पाण्यावरच उतरणाऱ्या, नावेसारख्या बुडाच्या विमानाचे) लाकडी मॉडेल मी करीत आहे. आराखड्यात बोटीचे बूड सलग नसून मध्येच आडवे कापून वर उचलल्यासारखे दिसते. वेगाने धावायचे, तर सलग बूडच अधिक सोयीचे नव्हते का?

दर्यावर्दी: गलबताला पाण्यातच राहायचे असते, या बोटीला मात्र ते सोडायचे असते. चमच्याची पाठ नळाच्या धारेला हलकेच लावून पाहा; चमचा दूर ढकलला न जाता धारेकडेच ओढला जातो. मागे वर वळत गेलेले सलग बूड पाण्याला असेच चिकटून राहते. पायरीच्या कडेशी प्रवाह तुटतो, मागच्या पोकळीत हवा शिरते आणि वैमानिकाला नाक उचलता येते. अमेरिकेत विमाननिर्माता ग्लेन कर्टिसने १९१२ साली हा उपाय योजला.

जुनी_विमाने: यात थोडी भर घालतो. कर्टिसच्या एच-१२ बोटीचे पंख उत्तम होते, पण बूड उत्तर समुद्राच्या लाटांपुढे कमकुवत ठरे. इंग्लंडमधील फेलिक्स्टोच्या नौदल तळावर जॉन सिरिल पोर्ट या अधिकाऱ्याने आधीच्या एच-४ बोटींवर प्रयोग करून, पायऱ्यांची संख्या बदलून आणि तळाचा ‘व्ही’ अधिक खोल करून मजबूत बूड घडवले व त्यावर एच-१२चे पंख चढवले, त्यातून एफ.२ निघाली. माझ्या मते खरी हुशारी सांगाड्यात आहे, कारण तो पेटीसारख्या चौकटींचा असल्यामुळे नौकाबांधणीचा अनुभव नसलेल्या कारखान्यांनाही जमला.

किनारा: मजबुतीची गरज गस्तीमुळेच होती. एप्रिल १९१७ पासून उत्तर समुद्रातील नॉर्थ हिंडर दीपनौकेभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या तीस-तीस सागरी मैलांच्या आठ रेषा कल्पून, पृष्ठभागावरून जाणाऱ्या जर्मन पाणबुड्या शोधल्या जात. या गस्तीला ‘कोळ्याचे जाळे’ (स्पायडर वेब) म्हणत. इंजिन रुसले की भर समुद्रात उतरण्यावाचून गत्यंतर नसे. ४ जून १९१८ रोजी इंधननळीच्या बिघाडाने एका एफ.२एवर तीच वेळ आली.

लाकूडकाम_छंद: आभारी आहे. पायरीची कड ओबडधोबड वाटली म्हणून मी ती पॉलिश पेपरने गोल केली होती.

दर्यावर्दी: मग ती पुन्हा धारदार करा. गोल कडेवरून पाणी वळून मागे चिकटेल.