मदत हवी आहे: नवरा घरकाम करतानाही रिव्हॉल्वर कमरेला लावतो

कोथिंबीर_जुडी

नमस्कार मंडळी. विषय जरा चमत्कारिक आहे. नात्यात किंवा सोसायटीत कुणाला विचारलं तर दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चर्चा होईल, म्हणून इथे धागा काढतेय. बंदूक असावी की नसावी या वादात मला पडायचं नाही. ती आहे, रीतसर आहे, आणि राहणार आहे. प्रश्न पुढचा आहे.

आम्ही बोरिवलीत जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. वन बीएचके, तिसरा मजला. घरात मी, नवरा, दुसरीतला मुलगा आणि सासूबाई. नवऱ्याचं काळबादेवीत सोन्याच्या कामाचं छोटं वर्कशॉप आहे. माल नेण्या-आणण्याचं काम तोच करतो, म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी परवाना काढून .३२ चं रिव्हॉल्वर घेतलं. घरी आला की ते कपाटातल्या लॉकरमध्ये जायचं, किल्ली त्याच्याकडे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

दिवाळीच्या आधी आमच्या खालच्या मजल्यावर भरदुपारी चोरी झाली. कुरिअर म्हणून बेल वाजवली, एकट्या आजींनी दार उघडलं, त्यांना ढकलून दोघे आत घुसले. आजी वाचल्या, मनगट मोडलं. तेव्हापासून नवऱ्याने घरातही हत्यार कमरेला लावायला सुरुवात केलीय. सुट्टीच्या दिवशी तो बरंच काम करतो. पंखे पुसतो, कुंड्यांना पाणी घालतो, कपडे वाळत घालतो, कणीकही तोच मळतो (हो, नशीबवान आहे मी, माहीत आहे). हे सगळं बर्म्युडा आणि बनियनवर, कमरेला क्लिपवालं होल्स्टर (हत्यार ठेवायचं म्यान) लावून. बर्म्युड्याला इलास्टिक, त्यामुळे वजनाने एक बाजू खाली ओघळते आणि तो दर पाच मिनिटांनी वर ओढत बसतो. कणीक मळताना अडचण होते म्हणून काढून फ्रिजवर ठेवतो. बाथरूमला जाताना खुंटीवर.

धुण्याभांड्याच्या मावशी परवा म्हणाल्या, "ताई, साहेब घरात नसतील तेव्हाच येते मी." सासूबाई काही बोलत नाहीत, पण तो वाकला की त्या खोलीतून उठून जातात.

त्याचं म्हणणं, लॉकर उघडेपर्यंत माणूस छाताडावर बसलेला असतो. वर त्याने अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघितलेत. तिथे म्हणे लोक गवत कापताना, कचरा टाकायला जातानाही लावतात.

मला विचारायचंय ते असं: घरात असं लावून फिरणं कायद्याने चालतं का? आणि त्याला लावायचंच असेल तर यातलं धोक्याचं नेमकं काय आहे? "मला भीती वाटते" हे कारण त्याच्यापुढे टिकत नाही. मुद्दे द्या.

टिवल्याबावल्या

कणीक मळणारा नवरा आणि तोही सशस्त्र! ताई, पोळी कडक झाली म्हणायची हिंमत होते का कुणाची?

कोथिंबीर_जुडी

हसले. आता मुद्दे.

आडवाटेचा_वकील

ताई, कायद्याचं आधी सांगतो. परवाना चालू असेल, हत्यार त्यावर नोंदलेलं असेल, तर स्वतःच्या घराच्या चार भिंतींत ते अंगावर ठेवणं हा गुन्हा नाही. पण उंबरठा ओलांडला की चित्र बदलतं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या नीट ताब्यात असावी लागते. बनियनवर उघडं होल्स्टर लावून तो गच्चीत कपडे वाळत घालायला किंवा खाली कचऱ्याचा डबा ठेवायला गेला, तर समोरच्या विंगमधला कुणीही पोलिसांना फोन करेल. मग आवार खाजगी की सार्वजनिक हा वाद तुम्हाला चौकीत बसून घालावा लागेल.

दुसरं, २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमात कलम २५(९) आलं. लग्नात हवेत गोळीबार करणाऱ्यांसाठी म्हणून ते गाजलं, पण त्यात निष्काळजीपणे हत्यार वापरून इतरांचा जीव धोक्यात घालणंही येतं. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. मुंबईत परवाना देणारे पोलीस आयुक्त, आणि काढून घेणारेही तेच. ज्या धंद्यासाठी परवाना घेतला तो फ्रिजवरच्या एका अपघाताने अडकेल, हे त्यांना सांगा. धंदेवाल्या माणसाला हे लवकर कळतं.

स्वसंरक्षणाबद्दल लोकांच्या डोक्यात फार गैरसमज असतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम ३४ ते ४४ खाजगी बचावाच्या हक्काची. घरात जबरी चोरी होत असेल, किंवा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी कुणी घर फोडून शिरत असेल, तर कलम ४१ प्रमाणे हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोचू शकतो. पण त्यावर कलम ३७ चा लगाम आहे: बचावाला जेवढी लागेल तेवढीच इजा, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. चोर पाठ फिरवून जिन्याने पळत सुटला आणि तुम्ही मागून गोळी घातलीत, की आरोपी तुम्ही.

डोंबिवली_ते_डॅलस

व्हिडिओंचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी टेक्ससमध्ये बारा-पंधरा वर्षं आहे, माझ्याकडेही आहे. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवायही हँडगन बाळगता येते, आणि घरात दिवसभर लावून वावरणारे लोक खरंच आहेत. गवत कापणारा माझा शेजारी त्यातलाच.

पण तुमच्या यजमानांनी व्हिडिओतला अर्धाच भाग उचललाय. या लोकांचा खरा युक्तिवाद असा की अपघात बहुतेक वेळा हत्यार हाताळताना होतात, म्हणजे काढताना, घालताना, भरताना, रिकामं करताना. म्हणून सकाळी एकदा लावायचं आणि रात्री कुलपात जाईपर्यंत त्याला हातच लावायचा नाही. हत्याराला जागा दोनच: अंगावर, नाही तर कुलपात. फ्रिज, उशी, खुंटी, कमोडची टाकी या मधल्या जागा कडक बंद. इथल्या सार्वजनिक शौचालयांत हुकावर किंवा टाकीवर विसरून गेलेल्या पिस्तुलांच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. विसरणारे त्यात पोलीससुद्धा असतात.

तुम्ही वर्णन केलंय त्यात तो दिवसातून कितीतरी वेळा काढ-घाल करतोय. हे दोन्हीकडून वाईट आहे. लॉकरची सुरक्षितता गेली आणि अंगावर असण्याचा फायदाही गेला, कारण बेल वाजेल तेव्हा हात कणकेत आणि रिव्हॉल्वर फ्रिजवर.

लावायचंच असेल तर ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर आणि त्याला पेलणारा जाड पट्टा लागतो. म्हणजे घरात पॅन्ट आणि बेल्ट. मे महिन्यात बोरिवलीत, पंखे पुसताना. करेल का तो? इलास्टिकवर क्लिप लावणं इथल्या हत्यारवेड्यांनाही चालणार नाही.

आणि माझ्या नि शेजाऱ्याच्या घरामध्ये मोठं अंगण आहे. डोंबिवलीत आमच्या भिंतीपलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आई आमचा गॅस बंद करायची. तिथे सुटलेली गोळी कुठे थांबेल, याचा विचार मी इथे जेवढा करतो त्याच्या दसपट करावा लागेल.

निवृत्त_हवालदारकाका

डॅलसवाले बरोबर बोलले. मी त्यात रिव्हॉल्वरपुरतं सांगतो.

ते पडेल. बर्म्युड्यावरून पडणारच, स्टुलावर चढून पंखा पुसताना नक्की. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा (चाप म्हणजे ट्रिगर ओढला की काडतुसावर आपटतो तो मागचा भाग) थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला असतो. तो आपटला की गोळी सुटू शकते. नव्या बनावटीत घोडा आणि काडतूस यांच्या मध्ये अडसर असतो. तुमच्या हत्यारात तो आहे की नाही हे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे नेऊन तपासून घ्या, अंदाजावर जाऊ नका. अडसर नसेल तर घोड्याखालचं घर (काडतूस बसायची जागा) रिकामं ठेवायचं, सहाऐवजी पाचच भरायच्या. ही जुनी रीत आहे.

१ ऑक्टोबर २०२४ ला जुहूत अभिनेता गोविंदाच्या बाबतीत काय झालं ते आठवतंय ना? पहाटे बाहेर निघायच्या गडबडीत स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना हातातून पडलं आणि गोळी पायात. ना चोर, ना झटापट.

आणखी एक. पडलं तर पडू द्यायचं, झेलायला जायचं नाही. झेलताना बोट नेमकं चापात जातं. हे त्यांना दोनदा सांगा, कारण हात आपोआप पुढे जातो. मोबाइल झेलायची सवय असते ना सगळ्यांना.

मुंबईच्या हवेचंही ऐका. घाम आणि खारा दमटपणा, त्यात चामड्याचं होल्स्टर ओल धरून ठेवतं. बनियनवर दिवसभर घामाला लागलेलं हत्यार पावसाळ्यात गंजतं, आणि गंजलेलं हत्यार वेळेला दगा देतं. रोज पुसून हलका तेलाचा हात हवा, आणि ठेवताना होल्स्टरमधून काढून ठेवायचं.

मोगऱ्याची_वेणी

सगळे हत्यारावर बोलतायत, मी वेळेवर बोलते. ताई, खालची चोरी कधी झाली? भरदुपारी. तुमचे मिस्टर दुपारी कुठे असतात? काळबादेवीत. रिव्हॉल्वर कुठे असतं? त्यांच्यासोबत काळबादेवीत. घरात कोण असतं? सासूबाई. म्हणजे ज्या प्रसंगाला घाबरून हा सगळा खटाटोप चाललाय, त्या प्रसंगी त्याचा काडीचा उपयोग नाही. रविवारी चारजण घरात असताना, टीव्ही चालू असताना, कुरिअरवाला भामटा बेल दाबेलच कशाला?

आजींच्या बाबतीत चुकलं ते दारात. जाळीचा सेफ्टी डोअर असता आणि कुरिअर त्याच्या फटीतून घेतलं असतं, तर ढकलायला कुणी आत आलंच नसतं. आमच्याकडे सासऱ्यांना आम्ही एवढंच शिकवलं: आतलं दार उघडा, बाहेरचं नाही. ओटीपी आतूनच सांगायचा. आणि फोनमध्ये ११२ स्पीड डायलला.

मुलाचं कुणी बोललं नाही अजून. दुसरीतलं पोर खुर्चीवर चढून फ्रिजवरचे बिस्किटाचे डबे काढतं. सोसायटीतली पोरं खेळायला येतात ती वेगळीच. त्यांच्या आयांना हे कळलं तर तुमच्या घरी परत कुणी पोर पाठवणार नाही, आणि त्यांचं चुकणारही नाही.

मी_उगाच

थोडं विरोधी मत. त्या माणसाने खालच्या आजींना रक्तबंबाळ बघितलं असेल. रोज सोनं घेऊन लोकलने जाणारा माणूस आहे, सतत मागे वळून बघायची सवय लागते. धाक बसलाय त्याला. नुसते मुद्दे तोंडावर फेकले तर तो आणखी हट्टाला पेटेल. आधी दार करून घ्या, मग लॉकरचं बोला. हाताला पर्याय लागला की मग कमरेवरचं सुटेल.

आडवाटेचा_वकील

मी_उगाच यांच्याशी सहमत. एक पुरवणी: परवाना एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे. फ्रिजवर पडलेलं हत्यार घरातल्या कुणीही "जरा बाजूला ठेवते" म्हणून उचलणं टाळा. ताई, तुम्हीसुद्धा. त्याला बोलवा, त्यालाच उचलू द्या.

कोथिंबीर_जुडी

सगळ्यांचे आभार. काल रात्री त्याला अख्खा धागा वाचायला दिला. हवालदारकाकांचा प्रतिसाद त्याने मोठ्याने वाचला. मोगऱ्याच्या वेणीचा वाचून गप्प बसला आणि मग म्हणाला, "ही बाई कोण आहे?" बाकी "हत्यारवेडे" या शब्दावर जरा फुरंगटलाय, चालायचंच.

आत्तापर्यंत ठरलंय ते असं. फ्रिज आणि खुंटी बंद. घरकाम करताना रिव्हॉल्वर लॉकरमध्ये, यावर तो तयार झालाय. रात्री जेवणानंतर मात्र पॅन्ट-बेल्ट घालून लावणार म्हणतो. ते मला पटलेलं नाही, सासूबाईंना तर मुळीच नाही. त्यावर आमची बोलणी चालू राहतील. येत्या आठवड्यात तो विक्रेत्याकडे जाऊन घोड्याचा अडसर तपासून घेणार आहे. सेफ्टी डोअरवाला मोजमाप घेऊन गेला. मावशींना मी सांगितलं, त्या म्हणाल्या, "आधी बघते, मग वेळ बदलते."

आता पटकन उघडणारा छोटा लॉकर घ्यायचाय. दुकानदार बोटाच्या ठशावर उघडणारा गळ्यात मारतोय. कुणी वापरलाय का? आणि भिंतीत कसा बसवायचा?

डोंबिवली_ते_डॅलस

ठशाचा नको. ओल्या, तेलकट किंवा कणीक लागलेल्या बोटाला तो ऐनवेळी नाही म्हणतो. बटणांचा घ्या, सोबत किल्ली असलेला. आकडा मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका, पोरं तोच आधी दाबून बघतात. बॅटरी ठरवून बदला.

निवृत्त_हवालदारकाका

जुनी बिल्डिंग म्हणजे विटांची भिंत असेल. मागच्या बाजूने लांब अँकर बोल्ट मारून घ्या. गिलाव्यात नाही, विटेत गेला पाहिजे. प्लायच्या कपाटाला नुसते स्क्रू मारलेत तर चोर लॉकरसकट उचलून नेईल. उंची खांद्याच्या वर ठेवा, आणि काडतुसं वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या कुलपात.

कोथिंबीर_जुडी

वेगळ्या कुलपात म्हटल्यावर तो पुन्हा "मग वेळेवर भरणार कधी?" वर आलाय. काका, उद्या फोनवर बोलाल का त्याच्याशी? व्यक्तिगत निरोप पाठवते.