रॉक गिटारवाल्याने शॉर्ट फिल्मचं म्युझिक कसं करावं?

घोडबंदर_लीड:
मंडळी, ठाण्यात बँडमध्ये लीड गिटार वाजवतो, सगळं रॉकच. आता मित्राच्या 14 मिनिटांच्या शॉर्ट फिल्मचं म्युझिक माझ्याकडे आलंय. चेंदणी कोळीवाड्यातला म्हातारा कोळी, खाडीत मासळी मिळेनाशी झालीय आणि लेकीला ऐरोलीत आयटीत नोकरी लागलीय, एवढीच गोष्ट. फिल्म फार आवडलीय म्हणून नीट करायचंय, पण काहीही वाजवलं तरी गाण्याचा इंट्रो वाटतो आणि डायलॉग दबतात, आवाज कमी करावा तर गिटारचा जीवच जातो. डिस्टॉर्शन (गिटारचा तो फाटका, खरखरीत आवाज) सोडून द्यावं का? एडिट अजून चालू आहे.

वाशी_साउंड:
सोडू नकोस, फक्त डायलॉगखाली नको. गिटारची सगळ्यात खालची तार साधारण 82 हर्ट्झ, पण डिस्टॉर्शन लावलं की वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरावरचे उंच सूर) भरभरून येतात, आणि 1 ते 4 किलोहर्ट्झमध्येच आपल्या बोलण्यातली व्यंजनं असतात ज्यामुळे शब्द कळतात. म्हणून नुसता फेडर (आवाजाची पट्टी) खाली करून भागत नाही. ईक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करून) तिथे जागा कर, नाहीतर सरळ वाजवूच नकोस, बाप-लेक बोलताना खाडीचं पाणी आणि पुलावरची लोकल पुरे.

पारसिक_७७:
इंट्रो वाटतो कारण रिफ (तोच छोटा सुरांचा तुकडा) चार बार फिरला की कान गाणं सुरू व्हायची वाट बघतो. ड्रम काढ, क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) बंद कर, फिल्म समोर लाव आणि बघत बघत वाजव. 1995 च्या 'डेड मॅन' या फिल्मला रॉकवाल्या नील यंगने असंच केलं, पडद्यावर फिल्म चालू आणि हा बहुतेक एकट्या इलेक्ट्रिक गिटारवर इम्प्रोव्हाइज करतोय. व्हॉल्यूम नॉबने स्वेल दे (नोट शून्यातून हळूहळू वर आण), पिकचा अटॅक गेला की तीच गिटार वेगळी वाटते. आणि हो, कोळी आहे म्हणून कोळीगीताचा ठेका टाकायचा मोह होईल, प्लीज टाळ, त्या माणसाचं दुःख त्याचं स्वतःचं आहे.

घोडबंदर_लीड:
हे पटलं. रिकामं जाळं वर येतं त्या शॉटला एकही डायलॉग नाही, डिस्टॉर्शन तिथे ठेवू?

पारसिक_७७:
तिथेच! पण जाळं दिसायच्या आधी नको, त्याचा चेहरा दिसू दे मग एकच नोट, फीडबॅक (अँपसमोर गिटार आपोआप घुमत राहते तो) धरून कटपर्यंत.

वाशी_साउंड:
फक्त फायनल टायमिंग पिक्चर लॉक (एडिट पक्कं) झाल्यावरच कर, एडिटरने दोन सेकंद कापले की तुझी नोट भलत्याच शॉटवर पडणार. फ्रेम रेट विचारून घे, 24 असेल तर 60 बीपीएमला (मिनिटाला 60 बीट) एका बीटमध्ये बरोबर 24 फ्रेम, 90 ला 16, ठेका लागलाच तर हे कामाला येतं. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झवर ठेव, आणि क्लीन, डिस्टॉर्शन, रिव्हर्ब सगळ्याचे स्टेम्स (सुट्या ऑडिओ फाइल्स) वेगळे दे, मिक्सवाल्याला डायलॉगसाठी जागा काढता येते.