चिऱ्याच्या घरावर लाकडी कैच्या उभारायच्या आहेत : लाकूड, सांधे आणि सुतारकामाबद्दल सल्ला हवा

आगरवाट
दापोली तालुक्यात समुद्रापासून थोडे आत आमचे वडिलोपार्जित चिऱ्याचे घर आहे. मुख्य भाग आतून 40 फूट लांब आणि 20 फूट रुंद असून भिंती मातीच्या सांध्यातल्या, वरून चुन्याचा गिलावा केलेल्या आहेत. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात छपराचा पश्चिमेकडचा भाग उडाला, तेव्हा त्या जागी पत्रे टाकून वेळ निभावून नेली. आता उरलेले वासेही वळचणीच्या बाजूने कुजल्यामुळे संपूर्ण छप्पर नव्याने करायचे ठरवले आहे.

जुन्या रचनेत दोन भिंतींवर आडवी तुळई, तिच्या मध्यावर उभा खांब आणि त्या खांबावर आढे अशी पद्धत होती, आणि त्या सर्व तुळया मध्यभागी खाली वाकलेल्या आहेत. म्हणून या वेळी त्रिकोणी कैच्या (दोन तिरके वासे आणि खालची तुळई जोडून केलेले सांगाडे) कराव्यात असा विचार आहे. त्याच वादळात पडलेला ऐन आणि फणस आम्ही कापून घेऊन, मध्ये पट्ट्या घालून पडवीत रचून ठेवला आहे. ते लाकूड सुमारे 60 घनफूट भरेल. मंगलोरी कौले जुनी असली तरी बरीचशी शाबूत आहेत.

लाकूड, लोखंडी सामान आणि मजुरी मिळून साडेचार लाख रुपयांच्या वर जाता येणार नाही. पत्रा नको, हे घरात ठरलेले आहे. ऐन कुठे वापरावा आणि फणस कुठे, बाकीचे लाकूड कोणते घ्यावे, आणि कैचीचे सांधे कसे असावेत, एवढे कृपया सांगावे. काम मृगाच्या आधी पूर्ण व्हायला हवे.

मुळशीकाठ
लाकडाचेच करायचे असेल तर सागाखेरीज दुसरा विचार करू नये. आम्ही मुळशीच्या घराला संपूर्ण बर्मा साग वापरला असून आजपर्यंत एकाही वाशाला तडा गेलेला नाही. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि वाळताना तो फारसा पिळवटत नाही. खर्च अधिक येतो हे खरे, पण छप्पर हे पिढ्यांसाठी करायचे असते. तुम्ही बजेट थोडे वाढवावे.

खाडीपलीकडे
थोडे वाढवून भागणार नाही. आजच्या दराने साडेचार लाख केवळ सागाच्या लाकडातच संपतील आणि सुताराला द्यायला काही उरणार नाही. शिवाय साग म्हणून जे विकले जाते, त्यातले बरेचसे कमी वयाच्या लागवडीचे असते. त्यात पांढरा भाग जास्त असतो आणि तो वाळवी व भुंगा दोघेही खातात. गाभ्याचा ऐन त्याहून केव्हाही बरा.

माझे म्हणणे मात्र वेगळेच आहे. लोखंडी चौकोनी पाइपच्या कैच्या करा आणि त्यावर कौले घाला. आम्ही तसेच केले, काम लवकर आटोपले, आणि सुतार मिळत नाही म्हणून कोणाच्या दारी जावे लागले नाही.

वळचण
लोखंडी पाइप समुद्राजवळ नको. आमच्या गावात पाइप बाहेरून रंगवलेला होता, पण टोके उघडी राहिल्यामुळे आतून गंजला, आणि हे लक्षात आले तेव्हा वेल्डिंगच्या जागी भोके पडलेली होती. पाइप घ्यायचाच असेल तर जस्ताचा मुलामा दिलेला घ्यावा, टोके बंद करून घ्यावीत आणि वेल्डिंगनंतर त्या जागांवर पुन्हा जस्ताचा रंग द्यावा.

चिरेबंदी
कौलांचा विषय निघालाच आहे तर वानरांचे काय करणार, हे आधी ठरवा. आमच्याकडे दर वर्षी पावसाच्या तोंडावर टोळी येते आणि कौले सरकवून, फोडून जाते. गावातल्या निम्म्या घरांनी त्याच कंटाळ्याने पत्रे घातले. तुम्ही पत्रा नको म्हणता, पण दर वर्षी कौले परतायला माणूस मिळवणे किती कठीण झाले आहे, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते.

निवृत्त_स्थापत्य
वानरांच्या प्रश्नासाठी स्वतंत्र धागा काढावा, असे सुचवतो. इथे छपराच्या सांगाड्याबद्दल लिहितो.

आधी वजनाचा अंदाज घ्यावा. चारही बाजूंना अडीच फूट वळचण धरली तर वरून पाहता छपराचे क्षेत्र 45 गुणिले 25, म्हणजे 1125 चौरस फूट होते. उतार 30 अंशांचा ठेवल्यास प्रत्यक्ष पाखे (छपराच्या दोन्ही उतरत्या बाजू) सुमारे 1300 चौरस फूट, म्हणजे 120 चौरस मीटर भरतात. मंगलोरी कौले चौरस मीटरला सुमारे 15 लागतात. एका कौलाचे वजन अडीच किलो धरले तर नुसत्या कौलांचेच साडेचार टन झाले, आणि पावसात ती पाणी पितात ते वेगळे. जुन्या तुळया वाकल्या त्याचे कारण यातच आहे. आढ्याच्या वाट्याला येणारे सगळे वजन खांबातून तुळईच्या नेमक्या मध्यावर, म्हणजे जिथे ती सर्वांत लवकर वाकते तिथे, येत होते.

कैचीत हे बदलते. दोन तिरके वासे एकमेकांना आढ्याशी रेटतात, त्यांचे पाय बाहेर पसरू पाहतात, आणि खालची तुळई त्या पायांना आत ओढून धरते. तुळई इथे वजन पेलणारी राहत नाही, ती ताण घेते. मधला खांबही तुळईवर उभा नसतो. तो आढ्यापासून लोंबकळतो आणि तुळईला मध्यावर उचलून धरतो. त्याच्या पायापासून दोन्ही वाशांच्या मध्याला जाणारे तिरके टेके वाशांना वाकू देत नाहीत. मध्यखांबाची ही कैची साधारण 8 मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराला, पुरते. तुमचा गाळा 6 मीटरच्या थोडा वर आहे, म्हणजे ती योग्य ठरेल. दहा-दहा फुटांवर तीन कैच्या आणि दोन टोकांना त्रिकोणी भिंती, अशी आखणी करावी. पाट्या (वाशांखाली आडवी जाणारी लाकडे), वासे आणि रिपा (कौले टेकवायच्या बारीक पट्ट्या) धरून एकूण लाकूड 130 ते 140 घनफूट लागेल.

उताराचा हिशेब सुताराबरोबर बसून करावा. अर्धा गाळा 10 फूट आणि उतार 30 अंश असेल, तर आढ्याची उंची पावणेसहा फुटांच्या किंचित वर येते आणि वाशाची लांबी भिंतीपर्यंत साडेअकरा फूट व वळचणीसह साडेचौदा फूट होते. उतार याहून कमी करू नये, कारण वाऱ्याबरोबर येणारा पाऊस कौलांच्या सांध्यातून आत शिरतो.

रंधा_पटाशी
आमच्या घरात हे काम पिढीजात चालत आले आहे, म्हणून मधल्या खांबाबद्दल लिहिणे भाग आहे. खांब तुळईवर घट्ट बसलाच पाहिजे. आम्ही खांबाला खाली कुसू (भोकात बसणारी जीभ) काढतो, तुळईत तेवढेच भोक पाडतो, कुसू ठोकून बसवतो आणि आडवी खुंटी मारतो. खांब लोंबकळता ठेवला तर तो हलेल, आणि हलणारे छप्पर मी कधी कुणाला दिलेले नाही. लोखंडी पट्ट्या ही नंतर आलेली पद्धत आहे. सागाच्या वा ऐनाच्या खुंटीने धरलेले सांधे शंभर वर्षांच्या घरांत आजही शाबूत आहेत.

निवृत्त_स्थापत्य
आपल्या अनुभवाबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि कुसू असावा याबद्दल आपले दुमत नाही. तो खांबाला बाजूला सरकू देत नाही. पण कुसू भोकाच्या तळाला टेकता कामा नये आणि खांबाचा खांदा तुळईवर रेटता कामा नये. तिथे बोटाच्या पेरापेक्षा कमी, पण मोकळी जागा हवी. ऐन वाळताना आकसतो. खांब तुळईवर टेकलेला असेल, तर पुढे सांधे थोडे ढिले झाले की आढ्याचे वजन पुन्हा तुळईवर येईल आणि आपण जुन्याच रचनेकडे परत जाऊ. म्हणून तुळईच्या खालून वळवलेली लोखंडी पट्टी खांबाच्या दोन्ही अंगांना न्यावी आणि समोरासमोरच्या दोन पाचरी ठोकून ताणावी. पाचरी ठोकताना तुळई मध्यात किंचित वर उचलली जाईल इतपत ताण द्यावा. पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर त्या पुन्हा घट्ट करता येतात, खुंटीला ती सोय नाही.

रंधा_पटाशी
पाचरीची गोष्ट मान्य आहे, आमचे आजोबा देवळाच्या कामात ती वापरत. पण मग वाशाच्या पायाचा सांधाही सांगा, कारण पडलेल्या बहुतेक कैच्या तिथूनच गेलेल्या असतात. वाशाचा पाय तुळईत खाच पाडून बसवतात आणि तो पाय तुळईचे टोक रेषेरेषेने फोडून बाहेर पडू पाहतो. खाच सव्वा इंच खोल असेल, तर खाचेच्या पुढे तुळईचे टोक किमान दहा-बारा इंच सोडावे. टोक दिसायला बरे नाही म्हणून कापून टाकणारे सुतार मी पाहिले आहेत. त्या टोकात गाठ किंवा तडा असलेले लाकूड घेऊ नये. वासा पाटीवर बसवण्याची खाचही वाशाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून खोल नको, आणि वाशाला मुळातच बाक असेल तर तो वरच्या अंगाला ठेवावा, म्हणजे कौलांच्या भाराने तो सरळ होतो.

ऐनाला भोक पाडल्याशिवाय खिळा मारू नका, फुटेल. तुमचा ऐन तुळयांना आणि कैचीच्या मुख्य वाशांना द्या. फणस हलका आहे, तो लांब आणि भाराच्या कामाला नको. टेके, पाट्यांखालच्या ठोकळ्या आणि दाराची फळी याला तो उत्तम. बाकीचे वासे किंजळाच्या लाकडाचे घ्या.

खाडीपलीकडे
एवढे सगळे सांधे करणारा सुतार आज मिळतो का, हा मूळ प्रश्न राहतोच. पाइपच्या कैच्यांना यातले काहीही लागत नाही.

घाटमाथा
वर सांगितले आहेच, तरी पुन्हा सांगतो की लोखंड सोपे पडते. दुसरे म्हणजे, काहीही केले तरी खालची तुळई कापू देऊ नका. आमच्या शेजाऱ्यांनी माळा करताना डोक्याला लागते म्हणून मधल्या कैचीची तुळई काढून वर, अर्ध्या उंचीवर, छोटी आडवी फळी मारून घेतली. पुढच्या पावसाळ्यात भिंतीचा माथा बाहेर कलला आणि गिलाव्याला लांबलचक चीर गेली. मातीच्या सांध्यातल्या चिऱ्याच्या भिंतीला वजन सोसते, पण बाहेरचा रेटा अजिबात सोसत नाही.

काजूबाग
लाकडाला आम्ही काजूच्या टरफलांचे तेल लावतो. वाळवी लागत नाही आणि खर्चही कमी येतो, फक्त हातमोजे घालावेत, कारण ते तेल कातडी भाजते. ज्यांना ते नको असेल त्यांनी बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचे पाणी द्यावे, मात्र ते पावसात धुऊन जाते, म्हणून वळचणीबाहेर येणाऱ्या टोकांना त्याचा उपयोग नाही. भिंतीत जाणारी टोके चुनामातीत गच्च बुजवू नयेत. त्यांच्या भोवती हवा खेळेल इतकी फट ठेवावी, कारण कूज तिथूनच सुरू होते.

वनपट्टा
कोणीच लिहिलेले नाही म्हणून सांगतो. ऐन, किंजळ, साग आणि फणस ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत येतात. तुमची झाडे वादळात पडली असली तरी त्यांचे कागद हाताशी ठेवा, आणि किंजळ विकत घेताना वखारीकडून वाहतुकीचा पास व पावती मागून घ्या. पासाशिवाय आणलेले लाकूड वाटेत अडवले गेले की काम आठवडेच्या आठवडे खोळंबते.

मुळशीकाठ
सागाला एकदा पैसे घातले की यातले तेल, पाचर, पावडर काहीच पाहावे लागत नाही, एवढेच मला म्हणायचे होते.

वळचण
सागालाही वादळ लागतेच. निसर्ग वादळात ज्यांची छपरे गेली, त्यांच्यापैकी कित्येकांचे लाकूड उत्तम होते. ते भिंतीला बांधलेले नव्हते, एवढेच उणे होते. भिंतीच्या माथ्यावर सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा सगळ्या बाजूंनी फिरवा, त्यात बोल्ट सोडा आणि पाटी त्या बोल्टांनी आवळा. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या ओळींतली कौले तारेने रिपांना बांधा. तार, खिळे आणि बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्या.

आगरवाट
सर्वांचे मनापासून आभार. आमच्या सुताराबरोबर आणि वडिलांबरोबर बसून निर्णय घेतला आहे. लोखंडी पाइप आणि साग दोन्ही नको. कैच्या मात्र तीनऐवजी दोनच करणार आहोत, कारण माजघर आणि ओटी यांच्यामधली आडवी भिंत आहेच. तीच चिऱ्यांनी आढ्यापर्यंत चढवून पाट्या तिच्यावर टेकवायच्या. त्यामुळे दोन कैच्यांच्या तुळया आणि मुख्य वासे घरच्या ऐनात बसतात आणि किंजळ फक्त पाट्यांना व वाशांना लागतो. पट्टी आणि पाचरींचा सांधा करायला सुतार तयार आहे.

निवृत्त_स्थापत्य
हा निर्णय मला पटलेला नाही आणि तो तुम्ही फिरवावा असे वाटते. मातीच्या सांध्यावर पावणेसहा फूट उंच त्रिकोणी भिंत मोकळी चढवणे म्हणजे छपराचा सर्वांत जड भाग सर्वांत उंच ठेवणे होय. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आपल्या जिल्ह्याने सोसलेला आहे. अशा भिंती भूकंपात आणि वाऱ्यात सर्वांत आधी पडतात. तिसऱ्या कैचीला फार तर दहा-बारा घनफूट लाकूड जाईल.

आगरवाट
भिंत नव्या भागात सिमेंटच्या सांध्यात बांधू, तिच्या पायाशी आणि उतारावर असे दोन्हीकडे काँक्रीटचे पट्टे घेऊ, आणि शेजारच्या कैचीपासून तिला तिरके टेके देऊ. टोकांच्या दोन भिंतींनाही हेच करणार आहोत. किंजळाच्या पाट्या 4 गुणिले 5 इंचांच्या घेण्याचे ठरले आहे. रिपांमधले अंतर जुन्या कौलांवरून मोजले, ते साडेबारा इंच येते. नवी कौले त्याच मापाची मिळत नसतील तर जुनी सगळी एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्या पाख्यावर घालावीत का, एवढेच आता विचारायचे राहिले आहे.

रंधा_पटाशी
होय, तसेच करा. जुनी कौले पूर्वेच्या पाख्यावर घाला आणि नवी पश्चिमेला, कारण पावसाचा मारा तिकडून येतो. नव्या कौलांच्या रिपा मारण्याआधी त्यातली दहा-बारा कौले जमिनीवर एका ओळीत जोडून अंतर मोजून घ्या, एकाच कौलावरून माप धरू नका.