घरी पाढे म्हणून घेतले तर मुलाचं गणित मरतं म्हणे

मुलुंडची_आई
सोसायटीच्या ग्रुपवर काल एक पोस्ट आली, आठ वर्षांपर्यंत मुलाला घरी आकडे शिकवू नका, पाढे पाठ करून घेणारे आईबाप मुलाचं गणित कायमचं मारतात. खाली पटापट अंगठे. माझं डोकंच फिरलं म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत, इंग्लिश मीडियम. आम्ही दोघं नोकरीवाले, घरी पोचेपर्यंत साडेसात, गणिताला मिळतात रात्रीची १५ मिनिटं. तेवढ्या वेळात तो आजीच्या मांडीवर बसून म्हणतो, बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, त्या ठेक्याची त्याला मजा येते, कोणी छडी घेऊन बसलेलं नाही. आणि नुसतं म्हणत नाही, डबाभर चिंचोके आहेत, बे पंचे दहा म्हटलं की पाच जोड्या मांडून मोजतो. परवा मी पोळ्या लाटत होते तर स्वतःहून म्हणाला आई आपण चौघं, तीन तीन, म्हणजे बारा कर. हे मेलेलं गणित का? पुढे भागाकार करताना सात आठे बोटांवर मोजत बसला तर भागाकाराकडे लक्ष कधी देणार तो? पाठ असलं की डोकं मोकळं राहतं, एवढं साधं आहे.

परळच्या_बाई
३१ वर्षं म्युनिसिपाल्टीच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवलंय. ती पोस्ट चुकीचीच आहे, पण तुमचंही पूर्ण पटत नाही. तीसपर्यंत पाढे धडाधड म्हणणारी मुलं माझ्या वर्गात असायची, मध्येच सात सक किती विचारलं की सात एके सातपासून सुरू. आणि एका डब्यात सहा लाडू तर सात डब्यांत किती म्हटलं की विचारायची, बाई, बेरीज करू की गुणू? म्हणजे ते गाणं होतं, गुणाकार नव्हता. पहिलीत आधी दशक पक्का करा. काडेपेटीच्या काड्या घ्या, दहादहाचे गठ्ठे रबराने बांधा, ३४ म्हणजे तीन गठ्ठे आणि चार सुट्या. हे हाताला कळल्याशिवाय पाढ्यांची घाई नको.

गिरणगाव५२
पाढे म्हणजे मजा, असं लिहिणाऱ्यांनी आमच्या बापाचा हात बघितलेला नाही. संध्याकाळी पाळी करून आला की मला समोर उभं करायचा. सात आठे अडलं की कानाखाली. आज वय ५२, दुकानात हिशेब करताना सात आठे आलं की अजून गाल गरम होतो माझा. कॅल्क्युलेटर समोर असतो तरी. मी माझ्या मुलीला एकही पाढा पाठ करायला लावला नाही, ती आज सीए करतेय. बास.

मुलुंडची_आई
दादा, वाईट वाटलं वाचून, खरंच. पण चूक त्या माराची आहे. सात आठेने तुमचं काय केलं?

बोरिवली_पप्पा
मुद्दा भलतीकडे चाललाय. घरी कोणी शिकवत नाही म्हणूनच गल्लोगल्ली अबॅकसचे क्लास उघडलेत त्याबद्दल कोणी बोलेल का? माझ्या मुलाला दीड वर्ष घातलं, तीन महिन्यांचे चार हजार. हवेत बोटं हलवून चार आकडी बेरजा करतो, पाहुण्यांसमोर करून दाखवतो. खाली दुकानातून १०० ची नोट देऊन ६८ चं सामान आण म्हटलं, वाण्याने २२ परत दिले, हा घेऊन आला. दहा रुपयांचं काही नाही हो, त्याला काही खटकलंच नाही याचं वाईट वाटलं.

परळच्या_बाई
त्याला वाण्याने अडुसष्ट सांगितलं असेल तर ते कळलं होतं का, हे आधी विचारा. मराठी संख्यानामं उलटी आहेत, अडुसष्टमध्ये आठ आधी ऐकू येतो म्हणून मूल ८६ लिहितं. एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी मुलं तर दर वर्षी, कारण त्यांच्या कानावर साठ पडलेलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, साठ आठ असं आलं ते याचसाठी. गणितज्ञ मंगला नारळीकर बाई त्या पुस्तकाच्या समितीवर होत्या आणि केवढं रान उठवलं लोकांनी.

शिवाजीपार्क_कट्टा
उठवणारच! आमच्या पिढ्यान्‌पिढ्या त्रेसष्ट, बहात्तर म्हणत हिशेब करत आल्या, पावकी निमकी दिडकी अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, अडीचचे पाढे, तोंडपाठ होती, तेव्हा कोणाला जड गेलं नाही. मुलांना जमत नाही म्हणून भाषाच मोडायची? उद्या जोडाक्षरंही काढा.

परळच्या_बाई
भाषा कोणी मोडली नव्हती. जुनी नावंही पुस्तकात होतीच, जोडीला नवी दिली होती. तुम्ही ते पुस्तक उघडून पाहिलं होतं का? आणि कोणाला जड गेलं नाही म्हणता, ज्यांना जड गेलं ती मुलं चौथीनंतर शाळेत दिसायचीच नाहीत, तुम्हाला कुठून भेटणार? मी त्यांच्या घरी जाऊन आलेय.

शिवाजीपार्क_कट्टा
बाई, आवाज चढवू नका. माझा नातू इंग्लिश मीडियमचा, भाजीवाली पंचेचाळीस म्हणाली की माझ्या तोंडाकडे बघतो, फोर्टी फाइव्ह सांगावं लागतं. ही नावं घरातूनच चाललीत आणि तुम्ही पुस्तकातूनही घालवायला निघालात, याचा त्रास होतो हो.

दहिसर_दर्यावर्दी
मी २६ वर्षं जहाजावर होतो, बरीचशी नॉर्वेजियन कंपनीकडे. त्यांचंही पूर्वी आपल्यासारखंच, सात आणि वीस. १९५१ मध्ये सरकारने अधिकृतपणे बदलून वीस सात केलं. शाळेत नवीन आलं, तरी जुनं बोलणं गेलं नाही, आमचा म्हातारा चीफ इंजिनियर शेवटपर्यंत जुन्या पद्धतीनेच आकडे सांगायचा आणि पोरगेले ऑफिसर बरोबर समजायचे. भाषा कुठेही बुडाली नाही. आणि आपल्या शेजारचे कन्नड, तेलुगू लोक तर पहिल्यापासून वीस एकच म्हणतात.

शिवाजीपार्क_कट्टा
नॉर्वेचं माहीत नव्हतं. बरं, दोन्ही शिकवत असतील तर शिकवा. पण आधी एकवीस, मग वीस एक. यावरून मी हटणार नाही.

बोरिवली_पप्पा
आत्ता मुलाला विचारलं. वाण्याने अडसठ सांगितलं होतं, हिंदीत. याला वाटलं अठहत्तर. म्हणजे १०० मधून ७८ गेले २२, वजाबाकी त्याची बरोबर होती! मी त्या दिवशी उगाच ओरडलो त्याला. क्लासबद्दलचं माझं मत तेच आहे, पण हे बाईंचं बरोबर निघालं.

गिरणगाव५२
माफी मागितलीत का पोराची? मागा. तो विसरत नसतो.

मुलुंडची_आई
एकोणसाठचं वाचून मुलाला आत्ता लिहायला सांगितलं. ६९ लिहिलं त्याने. पाचपर्यंतचे पाढे येतात आणि ६९. सासूबाई म्हणाल्या एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. मलाही असं फोडून कोणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा पाठच केलं होतं. तेव्हा बाई, दशकाचं तुमचं मान्य, उद्यापासून काड्यांचे गठ्ठे. पण बे ते पाच मी बंद करणार नाही, त्याला झोपताना ते लागतं. आणि आठ वर्षं थांबा म्हणणाऱ्यांना मी ग्रुपवर उत्तर देणार ते देणारच.

परळच्या_बाई
बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं. गठ्ठे त्याच्याकडूनच बांधून घ्या, तुम्ही बांधून देऊ नका. सहा गठ्ठे झाले की एका गठ्ठ्यातली एक काडी काढायला सांगा, आणि मग विचारा किती राहिल्या. पत्तेसुद्धा खेळा, बदाम सात, आकड्यांचा क्रम त्यात आपोआप बसतो. ६९ चं काय झालं ते आठवड्याने इथे कळवा.