मदत हवी आहे : मेच्या सुट्टीतील सहलीसाठी अंदमान, श्रीलंका की बाली?

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहतो. थोरल्या मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपेल, धाकटा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि सासूबाईही सोबत येणार आहेत. अलिबाग, मुरुड, गणपतीपुळे मुलांना पाठ झाले आहे. त्यांना आता प्रवाळ पाहायचे आहेत, स्नॉर्केलिंग (तोंडात श्वासनळी धरून पाण्यावर तरंगत खालचे समुद्रजीवन पाहणे) शिकायचे आहे, आणि दिवसभर वाळूत बसून राहण्याची त्यांची तयारी नाही.

माझा स्वतःचा ओढा अंदमानकडे आहे, कारण तेथे पासपोर्ट लागत नाही, स्वराज द्वीपावर राधानगरसारखा किनारा आहे, आणि सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहण्याची सासूबाईंची फार वर्षांची इच्छा आहे. परंतु मोसमी पाऊस तेथे साधारणतः मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचतो आणि समुद्र खवळला की बेटांमधील बोटी रद्द होऊ शकतात, ही मोठी काळजी आहे.

थायलंडमधील फुकेत मेपासूनच्या पावसामुळे आम्ही वगळले. श्रीलंकेचा पूर्व किनारा, विशेषतः त्रिंकोमाली, त्या काळात शांत असतो, आणि बालीतही एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा ऋतू असतो. मात्र बालीचा प्रवास वयस्कर माणसासाठी लांबचा आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात किशोरवयीन मुलांसह अंदमानला गेलेल्या कोणी बोटींचा अनुभव सांगेल का? पोहणे बेताचेच येणाऱ्या मुलांना स्नॉर्केलिंगसाठी त्रिंकोमाली अधिक सुरक्षित वाटले का? आणि सासूबाईंना शाकाहारी जेवण कोठे सहज मिळाले, हेही कृपया कळवावे.