‘पडीक’ टॅग कधी लावायचा?

फोंडेकरीण
आमच्या गावच्या वाचनालयाने घरोघरचे फोटो स्कॅन करून संग्रह केलाय. टॅग लावणारे आम्ही चौघं. साल आणि जागा पटापट ठरतात. पणजीत मांडवी नदीवरच्या अटल सेतूवरून गाड्या जाताना दिसल्या, की फोटो २०१९ चा किंवा नंतरचा, वाद संपला. घोडं पेंड खातं ते ‘पडीक’, ‘निवांत’ असल्या टॅगांपाशी.

गेल्या आठवड्यातलंच सांगते. जुलैतला फोटो. चिऱ्यांचं घर, दाराला कुलूप, अंगणात गुडघाभर गवत, पायऱ्यांवर शेवाळ. मी ‘पडीक’ लावून मोकळी झाले. संध्याकाळी आमच्यातल्याच काकांनी तो काढला. मी परत लावला, त्यांनी परत काढला. (दोघांची वयं मिळून शंभरच्या वर आहेत, हे वेगळं.) शेवटी त्यांचा फोन आला, "बाय, त्या घरात चवथीला तीस पानं मांडतात!"

आमच्या नियमात ‘पडीक: वापरात नसलेली, दुर्लक्षित वास्तू’ एवढंच आहे, आणि ते मीच लिहिलंय. काकांना गावातलं घर न् घर ठाऊक, मी लग्न होऊन इथे आलेली. मग नियम कुणाच्या डोळ्यांनी लावायचा?

सत्तरीकर
ताई, ‘दुर्लक्षित’ शब्द आधी काढा. दुर्लक्ष फोटोत दिसत नाही. फुटकी कौलं, उघडे वासे, भिंतीतून वर आलेला पिंपळ, हे दिसतं. यातलं दोन तरी दिसलं तर ‘पडझड’ लावा. घरात कोण येतं-जातं ते फोटोखालच्या टिपेत जाऊ दे.

‘पोर्तुगीज घर’चा आमच्याकडे हाच घोळ होता. पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीतल्या रंगीत घरापासून चौकाच्या वाड्यापर्यंत सगळं त्यात कोंबलेलं. तो टॅग मोडीत काढून ‘बल्कांव’ (दारापुढची बसायची ओसरी), ‘शिंपल्यांची तावदानं’, ‘राजांगण’ (घरामधलं उघडं अंगण) असे सुटे केले. भांडणं थांबली.

हिशेबी
मोजल्याशिवाय नियम बदलू नका. शंभर फोटो घ्या आणि दोघांनी एकमेकांचं न बघता टॅग लावा. पण नुसतं ‘किती जुळलं’ बघाल तर फसाल. समजा, ५ फोटोंना दोघांनी ‘पडीक’ लावला, ५ ना फक्त तुम्ही, ५ ना फक्त काकांनी, ८५ ना कुणीच नाही. म्हणजे ९० टक्के जुळलं, वा! पण दोघांनी डोळे मिटून दहा-दहा फोटोंना टॅग चिकटवले असते, तरी सरासरी ८२ टक्के जुळलंच असतं. तो योगायोग वजा करायचा: ९० उणे ८२, भागिले १०० उणे ८२. उरलं ०.४४. जेकब कोहेनने १९६० साली मांडलेला कॅप्पा तो हाच. १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग.

आणि न जुळलेले दहा फोटो घेऊन समोरासमोर बसा. फोनवर नको.

फोंडेकरीण
बसलो, काकांच्याच बल्कांवात. तो जुलैचा फोटो मोठा करून बघितला. डाव्या कडेला काहीतरी तपकिरी लोंबतंय, ते मी कचरा समजले होते. काका म्हणाले, "नीट बघ, त्या विणलेल्या झावळ्या. बाजूची भिंत मातीची आहे, झड लागू नये म्हणून पावसाआधी कुणीतरी बांधून गेलंय. टाकलेल्या घराला कोण झावळ्या बांधतं?" म्हणजे खूण फोटोतच होती. ती ओळखायला गावचं असावं लागतं असं नाही, पण कुणीतरी एकदा दाखवावी लागते. आता नियमाशेजारी तोच फोटो नमुना म्हणून डकवलाय.

‘पडीक’ गेला. ‘पडझड’ला दोन खुणा, आणि कुलपासाठी साधा ‘बंद घर’. उरलेल्या नऊ फोटोंपैकी सात तिथेच मिटले.

‘निवांत’ मात्र काका सोडत नाहीत. काल त्यांनी तो मासळी बाजाराच्या फोटोला लावलाय. का, तर कोपऱ्यातली एक बाई टोपलीशेजारी पेंगतेय म्हणे.